जास्तीचा पीळ

आमच्याकडं घट्ट म्हणजे चांगलं, असं साधं गणित आहे. पोत्याची गाठ घट्ट हवी, कडब्याची पेंढी घट्ट हवी. मोटारसायकलच्या चाकाचा नटही त्याच गणितात बसतो. बाजारच्या दिवशी गॅरेजपुढं उभं राहिलं की हमखास ऐकू येतं, "मिस्त्री, आवळ अजून. दुधाचं कॅन असत्यात गाडीवर." मग मिस्त्री पान्याच्या दांड्यावर पाइप चढवतो, अंगाचा भार टाकतो. नट कर्र करतो. गाडीवाल्याचं समाधान होतं.

लोखंडाचं गणित मात्र वेगळं आहे. आवळताना बोल्ट किंचित ताणला जातो आणि त्या ताणामुळंच स्प्रिंगसारखा जोड धरून ठेवतो. ताण कमी पडला तर रस्त्याच्या धक्क्यांनी नट सुटू शकतो. हद्दीपलीकडं गेला तर बोल्ट कायमचा लांबतो, नाहीतर आटे जातात. म्हणून कंपनी नटाला पिळाचं माप ठरवून देते, न्यूटन-मीटरमध्ये. 1 मीटर लांबीच्या आडव्या पान्याच्या टोकाला 10 किलो वजन टांगलं, तर सुमारे 98 न्यूटन-मीटर पीळ बसतो. पाइपनं पाना दुप्पट लांब केला की तेवढ्याच जोरात पीळ दुप्पट होतो, आणि हाताला त्याचा पत्ता लागत नाही. टॉर्कचा पाना मात्र ठरल्या मापाला टक्क वाजतो.

मापाचं हे शहाणपण आपल्याला नवं नाही. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवताना लोहार ती चाकाच्या घेरापेक्षा थोडी लहान ठेवायचा. आगीत तापवून फुगवायची, चढवायची, वर पाणी ओतायचं. निवताना ती चाकाला आवळून बसायची. फारच लहान ठेवली तर चाकच मुरडायचं. त्याला धाव घट्टच हवी होती, पण चाकाला सोसेल इतकी.

मग आता हे माप का सुटतं? मला वाटतं, भीतीपोटी. नट ढिला राहून चाक निसटलं, तर बोल मिस्त्रीवर येतो. जास्त आवळून आटे गेले, तर ते कधीतरी पुढं, दुसऱ्याच गॅरेजात कळतं आणि शिव्या तो दुसरा खातो. नाहीतर रात्री आडरानात पंक्चर झाल्यावर गाडीवाला हातभर पाना घेऊन त्या नटाशी झगडतो. म्हणजे तो शेवटचा पीळ चाकासाठी नसतोच. उद्या माझं नाव येऊ नये, यासाठी असतो.

एकट्या मिस्त्रीला दोष देऊन भागणार नाही. आपणही घरात तेच करतो. लेकीला कॉलेजातून अमुक वाजता घरात, मैत्रिणीकडं जायचं नाही, फोन दाखव. विचारलं तर म्हणतो, "काळजी वाटते म्हणून." त्यातली निम्मी काळजी तिची असते, निम्मी लोक काय म्हणतील याची. आणि आटे गेल्याचं कळतं ते ती सासरी गेल्यावर, जेव्हा ती मनातलं काहीच सांगेनाशी होते.

ढिलं सोडा, असं मी म्हणत नाही. ढिलं चाक जीव घेतं. पण पाना टक्क वाजल्यावर, समोरचा "अजून आवळ" म्हणत असताना हात थांबवायला धीर लागतो. त्या कामाला अंगातली ताकद काही उपयोगाची नाही.