वेळापत्रकातला न्याय
बीडजवळच्या पालीत बिंदुसरा धरण आहे. त्याच्या कालव्याच्या पाण्याची पाळी लावतात, तशीच विद्यापीठात वर्गखोल्यांची. कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, म्हणजे टेलच्या शेतकऱ्याचं दुखणं सकाळी सातच्या तासाला एसटीनं येणाऱ्या मुलीला नेमकं कळेल.

सगळ्यांना एकच वेळ, हा न्याय?

डॉ. आंबेडकरांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढलं, तेव्हा तास सकाळी ठेवले. नोकरी करणाऱ्यांनाही शिकता यावं म्हणून. तीच सकाळ खेड्यातल्या मुलीला जाचते.

आपल्या वाट्याला काय येणार हे ठाऊक नसताना नियम ठरवावेत, असं तत्त्वज्ञ जॉन रॉल्सनं १९७१मध्ये मांडलं. वेळापत्रक आखणाऱ्या प्राध्यापकाला मात्र आपली सोयीची वेळ आधीच पाठ असते! मग चिठ्ठ्या टाकाव्यात? त्यापेक्षा गैरसोयीची पाळी दर सत्राला फिरवलेली बरी. फक्त ज्यांची शेवटची एसटी चुकते, त्यांना आधी वगळून.