तुरुंगातून आलेली हाक



मी तुरुंगात होतो तेव्हा तुम्ही मला भेटायला आलात का, असे प्रभू येशू शेवटच्या न्यायाच्या वेळी विचारणार आहे (मत्तय २५). बंदिजनाची भेट घेणे आपल्याला समजते. पण तोच जर न्याय मागू लागला तर?

ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याच्या १९८१ च्या कायद्यानुसार, गंभीर गुन्ह्याची शिक्षा भोगणाऱ्या कैद्याला दिवाणी दावा लावण्याआधी कोर्टाची परवानगी घ्यावी लागते. दावा खोडसाळ नाही आणि त्यात तथ्य आहे, हे आधी पटवावे लागते. आपल्या देशात केवळ कैदी म्हणून अशी परवानगी लागत नाही.

आपल्या मुंबईचेच उदाहरण घ्या. प्रभाकर संझगिरी हे स्थानबद्ध असताना त्यांनी अणुविज्ञानावर मराठीत पुस्तक लिहिले. हस्तलिखित छपाईसाठी बाहेर पाठवण्यास शासनाने नकार दिला. स्थानबद्धाला दिलेल्या सवलतींत पुस्तक छापणे बसत नाही, असे शासनाचे म्हणणे होते. संझगिरी तुरुंगातून हायकोर्टात गेले आणि जिंकले. १९६५ साली सर्वोच्च न्यायालयानेही तोच निर्णय कायम केला.

संत पौलही कैसरियात दोन वर्षे बंदिवान होता. त्याने थेट कैसराकडे दाद मागितली आणि फेस्तने ती मान्य केली (प्रेषितांची कृत्ये २५). फिलेमोनला लिहिलेले त्याचे पत्रही बंदिवासातलेच. ते दरवाजातच अडवले असते तर आज आपण काय वाचले असते?

कोणी म्हणेल, "फादर, ज्याने दुसऱ्याचे वाईट केले त्याला कसले हक्क?" कोर्टाने दिलेली शिक्षा त्याने भोगलीच पाहिजे. पण मुके होण्याची शिक्षा त्याला कोणी दिलेली नाही.

आता आपल्या घरात डोकावू या. भाऊ आत आहे म्हणून होडीतला त्याचा वाटा आपण परस्पर गिळला नाही ना? घराच्या कागदावरून त्याचे नाव गुपचूप काढले नाही ना? तुरुंगात आहे म्हणून दाव्याची मुदत थांबत नाही. तो सुटून येईपर्यंत वेळ निघून गेलेली असते. कोर्टात हे कदाचित खपेल, देवापुढे खपणार नाही.

कोठडीतील प्रत्येकाला १९८७ च्या विधी सेवा कायद्याने मोफत वकील मिळू शकतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा लागतो. ज्यांच्या घरचे कोणी आत आहे, त्यांनी संकोच न करता मिस्सानंतर मला भेटावे. अर्ज आपण मिळून लिहू. इतरांनी त्या घराकडे बोट दाखवू नये. तेथे जाऊन विचारपूस करावी.

प्रभू तुम्हा सर्वांना आशीर्वाद देवो.

आपला,
धर्मगुरू