दोन काचांचा समुद्र

अलीकडे दिवाणखान्यांच्या भिंतींवर समुद्राची अशी भव्य छापील चित्रे आढळतात की, समोरची लाट भिंगाने टिपली की कुंचल्याने रेखाटली, याचा निर्णय जाणत्या डोळ्यालाही सहज करता येऊ नये; आणि मग त्या पाण्याचा गंभीर विस्तार अंतःकरणात उतरू देण्याआधीच पाहणारा, मामलेदाराने दस्तऐवजाची शहानिशा करावी तशा स्वरात, ‘हे खरे आहे ना?’ असे विचारतो.

वस्तुतः समुद्राच्या छायाचित्राने इतकी निखालस साक्ष आरंभापासूनच दिलेली नाही. गुस्ताव्ह ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने १८५६-५७ च्या सुमारास घेतलेल्या सागरचित्रांपैकी काही, निगेटिव्हच्या एका काचेवरून आकाश व दुसरीवरून पाणी, अशी एकाच कागदावर उतरविलेली आहेत. कारण तत्कालीन रसायन निळ्या प्रकाशाला इतके हळवे होते की, पाणी नीट उमटेपर्यंत आकाश पार पांढरे होऊन ढग लोपत. किनाऱ्यावर उभ्या माणसाला ढग आणि लाटा दोन्ही दिसत, यंत्राला मात्र ते एकदम साधत नसे. म्हणजे डोळ्यांच्या प्रत्ययाशी इमान राखण्यासाठीच हाताला मध्ये पडावे लागले. याला लबाडी म्हणण्यास माझे मन धजत नाही.

समुद्र चित्राप्रमाणे शब्दांतही उभा राहतो. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. तरी या जिल्ह्यातील प्रवरेकाठच्या नेवाशात शके १२१२ मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीत सागर पदोपदी भेटतो, आणि त्यासाठी ज्ञानदेवांकडे कोणी दाखला मागत नाही. मेहेरबाबांनीही, ज्यांचे मेहेराबाद नगरपासून जवळच आहे, ‘गॉड स्पीक्स’ या १९५५ च्या ग्रंथात परमात्मा व जीव यांचे नाते सागर आणि थेंब यांच्याच रूपाने उलगडले. पण चित्रातील खऱ्याखोट्याच्या माझ्या प्रश्नाला अधिक जवळचे आहे ते ज्ञानदेवांचेच अनुभवामृत. रज्जूवर भासलेला सर्प ज्ञानोदयाबरोबर नाहीसा होतो, हा मायावादाचा आवडता दृष्टांत. ज्ञानदेव मात्र अज्ञानाचेच खंडन करून, जे दिसते ते सद्वस्तूवरचे आवरण नसून तिचाच विलास आहे, असे प्रतिपादन करतात. ही भूमिका मान्य केली, तर प्रकाशाने उमटविलेली लाट खरी आणि हाताने घडविलेली खोटी, ही वाटणीच डळमळते. दोन्ही ठिकाणी दिसणे एकच, निमित्ते तेवढी निराळी.

तथापि या सिद्धांताच्या आड व्यवहारातील असत्याला आसरा देणे मला मंजूर नाही. पुराच्या पंचनाम्याला जोडलेल्या चित्रात कोणी एक लाट जरी आपल्या पदरची घातली, तरी तो गुन्हाच होय, कारण तेथे चित्राकडे साक्ष मागितलेली असते व तिच्यावर कोणाची तरी नुकसानभरपाई अवलंबून असते. भिंतीवरच्या समुद्राकडे आपण जातो ते दर्शनासाठी. म्हणून अशा चित्राच्या पाठीमागे, यंत्राचे काम किती व हाताचे किती, हे चित्रकाराने स्वच्छ नमूद करावे, आणि पाहणाऱ्याने ती नोंद चित्र पुरते पाहून झाल्यावर वाचावी.