खेळावे ते कशासाठी?



अमेरिकेच्या इंडियाना राज्यात नोटर डेम नावाचे एक कॅथलिक विद्यापीठ आहे. सामान्य जनांत त्याची ख्याती विद्येपेक्षाही फुटबॉलसाठी अधिक असावी. २०२५ च्या डिसेंबरात या विद्यापीठाच्या संघाची मोठी निराशा झाली. बारांपैकी दहा सामने जिंकूनही राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या स्पर्धेसाठी जे बारा संघ निवडले गेले त्यांत त्याचे नाव नव्हते. वर्षाअखेरीस जे अनेक स्वतंत्र ‘बाउल’ सामने होतात त्यांपैकी एखाद्यात खेळण्याचा मार्ग त्याला मोकळा होता. परंतु आम्ही कोणताच बाउल सामना खेळणार नाही, असे संघाने कळवले आणि त्याचा हंगाम तेथेच संपला.

याच विद्यापीठाने पूर्वीही असा नकार दिला होता, आणि तो तब्बल चार दशके टिकवला होता. १ जानेवारी १९२५ रोजी त्याने रोझ बाउल हा सामना जिंकला. त्यानंतर थेट १ जानेवारी १९७० पर्यंत ते कोणत्याही बाउल सामन्यात उतरले नाही. अशा सामन्यापायी विद्यार्थ्यांचा अभ्यासाचा व परीक्षेचा वेळ जातो, अशी त्या वेळच्या चालकांची भूमिका होती.

एकाच मुखातून निघालेले हे दोन नकार. पहिल्यात, खेळापेक्षा मोठे असे काही आहे, हा विचार होता. दुसऱ्यात, ज्याच्या शेवटी अजिंक्यपद नाही तो खेळ खेळण्याजोगा नाही, हा विचार दिसतो. या दोहोंच्या मध्ये काय घडले, हे आपण जरा पाहू. विषय दूरदेशीचा आहे खरा. पण त्यात दडलेला प्रश्न दूरचा नाही.

प्रथम थोडा खुलासा. हा फुटबॉल म्हणजे आपल्याकडे पायाने खेळतात तो नव्हे. यात अंडाकृती चेंडू हाती घेऊन धावतात, आणि शिरस्त्राणे घातलेले धिप्पाड तरुण एकमेकांवर आदळतात. ‘बाउल’चाही आपल्या क्रिकेटमधील गोलंदाजीशी संबंध नाही. येल विद्यापीठाने १९१४ साली खोलगट वाडग्याच्या आकाराचे एक मैदान बांधले. त्या धर्तीवर कॅलिफोर्नियातील पॅसाडेना या गावी १९२२ साली रोझ बाउल उभे राहिले. मैदानाचे नाव सामन्याला मिळाले आणि पुढे त्या जातीच्या सर्वच सामन्यांना चिकटले.

पॅसाडेनाचा उत्सव मात्र मैदानाहून जुना आहे. पूर्वेकडील शहरे बर्फात गोठलेली असताना आमच्याकडे गुलाब फुलतात, हे जगाला दाखवण्यासाठी त्या गावकऱ्यांनी १८९० पासून नववर्षदिनी फुलांची मिरवणूक काढण्यास आरंभ केला. १९०२ साली त्यात फुटबॉलचा सामना घालण्यात आला. मिशिगनने स्टॅनफर्डचा ४९–० असा धुव्वा उडवला. हा प्रकार इतका एकतर्फी झाला की चालकांनी फुटबॉल बाजूला ठेवला आणि पुढील काही वर्षे चक्क रथांच्या शर्यती लावल्या! १९१६ पासून सामना पुन्हा आला तो कायमचा. १ जानेवारी रविवारी आली तर मिरवणूक सोमवारी निघते, हा नियम १८९३ पासूनचा आहे. चर्चबाहेर बांधलेले घोडे मिरवणुकीच्या गलबल्याने बुजतील आणि उपासनेत व्यत्यय येईल, असे त्याचे कारण सांगतात. आता चर्चबाहेर घोडे नाहीत. तरीही २०२३ साली मिरवणूक आणि सामना दोन्ही २ जानेवारीस, सोमवारीच, झाले.

पॅसाडेनाचे पाहून इतर गावांनीही आपापले उत्सव उभे केले. १९३५ साली मायामीत ऑरेंज बाउल आणि न्यू ऑर्लीन्सला शुगर बाउल सुरू झाले. १९३७ साली डॅलसला कॉटन बाउल. संत्री, साखर, कापूस: ज्या भूमीत जे पिकते त्याचे नाव. या सामन्यांनी सिद्ध मात्र काहीच होत नसे. त्या काळी वृत्तपत्रांचे प्रतिनिधी मते देऊन देशातील सर्वश्रेष्ठ संघ ठरवीत, आणि १९६५ चा अपवाद सोडता १९६८ पर्यंत ‘असोसिएटेड प्रेस’ची ही अखेरची क्रमवारी बाउल सामने होण्यापूर्वीच जाहीर होत असे. १९६४ च्या हंगामात अलाबामाला अजिंक्य ठरवले गेले, मग नववर्षदिनी ऑरेंज बाउलमध्ये टेक्ससने त्याला हरवले, आणि तरीही अजिंक्यपद अलाबामाकडेच राहिले. आजच्या मनाला हे हास्यास्पद वाटेल. पण वाचकहो, ज्या वर्षांत या सामन्यांनी काहीच ठरत नव्हते, त्याच वर्षांत लोक त्यांची वाट पाहत होते, हेही ध्यानात घ्या.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. १९६८ पासून बाउलचा निकाल क्रमवारीत धरला जाऊ लागला. १९९८ पासून पहिल्या दोन संघांची गाठ घालून देण्याची पद्धत आली, २०१४ च्या हंगामापासून चार संघांची स्पर्धा आणि २०२४ पासून बारांची. रोझ, शुगर, ऑरेंज यांना या शिडीत पायऱ्यांचे स्थान मिळाले: कधी उपांत्यपूर्व फेरी, कधी उपांत्य. शिडीबाहेर राहिलेल्या तीसएक सामन्यांचे तेज ओसरले. कोणी म्हणेल की संख्या फार वाढली, अर्धे सामने हरलेल्यांनाही आमंत्रण मिळू लागले, म्हणून किंमत उतरली. ते खरे आहे. पण मला मूळ कारण वेगळे दिसते. ज्या दिवशी सामन्याचे मोल ‘हा पुढे कोठे नेतो?’ या प्रश्नाने मोजले जाऊ लागले, त्या दिवशी पुढे न नेणारे सर्व सामने निर्मोल ठरले. आणि रोझ बाउलही आता मोठा ठरतो तो पायरी म्हणून.

प्रेषित पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातील नाशवंत मुगुटाचा उल्लेख आपणांस परिचित आहे. मूळ ग्रीक शब्द ‘स्टेफानोस’. तो राजमुकुट नसून पानांची गुंफलेली माळ होय. करिंथजवळच्या इस्थमियात ती पाइनची किंवा सेलरीची असे, ऑलिंपियात रानजैतुनाची. इस्थमियातील विजय ही ऑलिंपियाला जाण्याची पात्रता-फेरी नव्हती. प्रत्येक उत्सव आपल्यापुरता पूर्ण होता. त्या पानांसाठी धावणाऱ्यांचे आत्मसंयमन पौलाने आदर्श म्हणून पुढे ठेवले आहे. त्याने धावणाऱ्यांना हसलेले मला तरी आढळत नाही.

आता त्या तरुणांकडे वळू. २०१६ च्या डिसेंबरात ख्रिश्चन मॅकॅफ्री आणि लेनर्ड फोर्नेट या दोन नामवंत खेळाडूंनी आपापल्या संघांचे बाउल सामने खेळण्याचे नाकारले. व्यावसायिक संघांची निवड चार महिन्यांवर आली होती. त्याच वर्षाच्या १ जानेवारीस नोटर डेमच्या जेलन स्मिथचा गुडघा फिएस्टा बाउलमध्ये निकामी झाला होता. पहिल्या काही क्रमांकांत निवड होईल असे ज्याच्याविषयी बोलले जात होते, त्याला चौतिसाव्या क्रमांकापर्यंत थांबावे लागले. या दोघांवर टीकेची झोड उठली: यांना सोबत्यांचे प्रेम नाही, खेळावर निष्ठा नाही! तेव्हापासून ही रीतच पडली. ३० डिसेंबर २०२३ च्या ऑरेंज बाउलमध्ये फ्लॉरिडा स्टेटचा संघ उतरला तेव्हा त्याचे वीसहून अधिक खेळाडू अनुपस्थित होते. तेरापैकी तेरा सामने जिंकलेला, तरी स्पर्धेतून वगळलेला तो संघ जॉर्जियाकडून ६३–३ असा हरला.

वाचकहो, तुमच्या मुलाने तुम्हांला विचारले असते, तर तुम्ही काय सांगितले असते?

या ठिकाणी अनुवादकाला एक हिब्रू धातू आठवतो: ‘साहक’, म्हणजे हसणे, खेळणे. जखऱ्याच्या आठव्या अध्यायात पुन्हा वसलेल्या यरुशलेमेच्या रस्त्यांवर मुलेमुली खेळतात, तेथे हाच धातू आहे. नीतिसूत्रांच्या आठव्या अध्यायात ज्ञान देवासमोर हर्षाने बागडते, तेथेही हाच. स्तोत्र १०४ मध्ये समुद्रातील लिव्याथान खेळण्यासाठीच निर्माण झाला आहे. आणि ती शब्दरचना अशी की ‘त्याने तेथे खेळावे म्हणून’ असाही अर्थ होतो आणि ‘देवाने त्याच्याशी खेळावे म्हणून’ असाही. पण शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात हाच धातू गिबोनाच्या तळ्याकाठी येतो. अबनेर यवाबाला सुचवतो की तरुणांना आपल्यासमोर खेळू द्यावे. दोन्हीकडून बारा-बारा जण उठतात, परस्परांची डोकी धरून एकमेकांच्या कुशीत तलवारी खुपसतात आणि सर्व एकत्रच पडतात. दोन्ही सेनापती बसून पाहत होते. सर्व स्थळी एकच मराठी शब्द घालावा तर गिबोनाचे रक्त झाकले जाते, वेगळा घालावा तर विटंबना हरवते.

मॅकॅफ्रीला दोष देणाऱ्यांत किती जण तळ्याकाठी बसलेले होते, हे पाहिले पाहिजे. प्रशिक्षक दुसऱ्या विद्यापीठाचे अधिक वेतन स्वीकारून बाउलपूर्वीच निघून जातात. सामन्यांची नावे प्रायोजकांना विकली गेली आहेत. शार्लटच्या एका सामन्यात विजेत्या प्रशिक्षकाच्या डोक्यावर मेयॉनीजची बादली ओततात, कारण प्रायोजक मेयॉनीज बनवतो! खेळाडूंना आपल्या नावावर पैसे मिळवण्याची मुभा २०२१ पर्यंत नव्हती. ज्यांनी उत्सवाचा बाजार केला त्यांनी मुलांकडून उत्सवाची निष्ठा मागावी, हे न्यायाचे नव्हे. त्या एकेका तरुणाला मी दोष देत नाही.

गतकाळाची आरती ओवाळण्याचेही कारण नाही. १९५६ च्या शुगर बाउलमध्ये पिट्सबर्ग विद्यापीठाकडून बॉबी ग्रिअर हा कृष्णवर्णीय खेळाडू उतरणार म्हणून जॉर्जियाच्या राज्यपालाने जॉर्जिया टेकला सामना खेळू न देण्याचा प्रयत्न केला होता. त्याआधी, १९५१ साली, येशूसंघीयांच्या सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाचा संघ नऊच्या नऊ सामने जिंकला. ऑली मॅट्सन आणि बर्ल टोलर या दोन कृष्णवर्णीय सोबत्यांना मागे ठेवाल तर दक्षिणेतील बाउलमध्ये स्थान मिळेल, असे त्यांना सुचवण्यात आले. संघाने ते साफ नाकारले. पैशाअभावी विद्यापीठाने त्याच हंगामाअखेर फुटबॉल बंद केला. तो नकारही बाउललाच होता, आणि त्यात खेळाचा अपमान नव्हता. एकमेकांशिवाय खेळणे हा त्यांच्या लेखी खेळच नव्हता.

म्हणून नोटर डेमचा २०२५ चा नकार मला एकेकट्या तरुणाच्या नकाराहून अधिक अस्वस्थ करतो. येथे सोबती हजर होते, आणि हा नकार सर्वांच्या नावाने दिला गेला. संत ऑगस्टीनने वापरण्याच्या गोष्टी आणि जिच्यात रमावे ती गोष्ट यांत भेद केला, आणि काटेकोर अर्थाने रमण्याजोगा एक त्रैक्य देवच, असे म्हटले. यावरून कोणी म्हणेल की खेळ तर साधनच, मग ज्याचे साध्य हुकले तो सोडला तर बिघडले काय? पण ऑगस्टीनला जे साध्य अभिप्रेत होते ते अजिंक्यपद खचित नव्हे. देवाने दिलेली वस्तू देवात राहून आनंदाने भोगणे त्याला मान्य होते. त्या अर्थाने हरलेला किंवा वगळलेला संघही खेळू शकतो, आणि लिव्याथानाला तर कोणती फेरीच नाही.

महाविद्यालयीन फुटबॉल खेळणाऱ्या शंभर तरुणांमागे दोघेही व्यावसायिक खेळात पोहोचत नाहीत. बाकीच्यांपैकी जे अखेरच्या वर्षात असतात, त्यांच्यासाठी डिसेंबरातला एखादा बिननावाजलेला सामना हा आयुष्यातील शेवटचा असतो. प्रेक्षागार अर्धे रिकामे, पुढची फेरी नाही, निवड करणारे कोणी पाहत नाहीत. शिट्टी वाजते, आणि ती मुले शिरस्त्राणे चढवून मैदानात धावत जातात.