‘ये’, ‘या’ आणि ‘यावें’

बोलणें म्हणजे आपल्या मनांतील विचार दुसऱ्यास कळविणें, अशी साधारण समजूत आहे. या समजुतीनें पाहिलें तर बोलणारा मनुष्य आधींच पुरता सिद्ध असतो, त्याचा विचारही सिद्ध असतो, आणि भाषेकडे काम उरतें तें केवळ हमालाचें : या मनांतील गांठोडें उचलून त्या मनांत नेऊन टाकावयाचें. पण मराठी बोलणाऱ्यानें आपला रोजचा अनुभव तपासून पाहावा. दारांत कोणी आला आहे व त्यास आंत बोलवावयाचें आहे, एवढाच साधा विचार मनांत असला, तरी तो तसाच्या तसा बोलून दाखविण्याची सोय आपल्या भाषेनें ठेवलेली नाहीं. ‘ये’, ‘या’ कीं ‘यावें’ हें आधीं ठरवावें लागतें. आणि तें ठरवितांना आलेला मनुष्य कोण याचा जितका निवाडा होतो, तितकाच आपण स्वतःस कोण समजतों याचाही होतो. हा दुसरा निवाडा इतका झटकन् होतो कीं आपला आपल्याला त्याचा पत्ता लागत नाहीं. त्याच्याविषयींच येथें थोडें लिहावयाचें आहे.

जुन्या पत्रांत हा निवाडा लपून राहत नसे. वडिलांस ‘तीर्थरूप’, वडिलांच्या जागीं असणाऱ्यांस ‘तीर्थस्वरूप’, धाकट्यास ‘चिरंजीव’, प्रतिष्ठित गृहस्थास ‘राजमान्य राजेश्री’ : मायना लिहून होईपर्यंत दोन्ही माणसें आपापल्या पाटावर बसलेलीं असत, आणि मगच ‘विनंती विशेष’ म्हणून मजकुरास आरंभ होई. आम्ही इंग्रजी शिकलेल्या लोकांनीं या पद्धतीची पुष्कळ थट्टा केली. माझे वडील अर्धें कार्ड मायन्यांतच भरून टाकीत, आणि वसतिगृहांत राहणाऱ्या मला तर पैसे कधीं येणार एवढेंच वाचावयाचें असे. थट्टेस जागा होती, नाहीं असें नाहीं. पण तिच्या भरांत एक गोष्ट आमच्या नजरेंतून सुटली. सवाष्णीस ‘सौभाग्यवती’ व विधवेस ‘गंगाभागीरथी’ लिहिण्याचा प्रघात होता. शब्द पवित्र, लिहिणाऱ्याचा भाव आदराचा. परंतु ती बाई वीस वर्षांची असो कीं साठ वर्षांची, पत्राबरोबर तिचें वैधव्य तिला पुन्हा एकदां घरपोंच मिळे. कुशल विचारण्याच्या आधीं तूं कोण आहेस हें तिला सांगितलें जाई. अशा मायन्याचें पत्र आल्यावर तिनें उत्तरीं काय लिहावें? मला शिकावयाचें आहे, मला या घरांत करमत नाहीं, हें त्या मायन्यास शोभलें नसतें. तेव्हां ती ‘येथील सर्व क्षेम’ असेंच लिही.

विल्यम जेम्स यानें १८९० सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या मानसशास्त्रावरील ग्रंथांत असें म्हटलें आहे कीं, मनुष्यास जितकीं माणसें ओळखतात तितके त्याचे सामाजिक ‘मी’ असतात. पुढें १९०२ सालीं चार्ल्स कूली या समाजशास्त्रज्ञानें आरशाची उपमा वापरली. आपण दुसऱ्यास कसे दिसत असूं व तो आपल्याविषयीं काय ठरवीत असेल, या कल्पनेंतूनच आपल्याला स्वतःचा अभिमान किंवा लाज वाटते, असें त्याचें मत. हे विचार मी पुष्कळ वर्षें वर्गांत शिकवीत आलों आहें, आणि दरवर्षीं एखादा तरी विद्यार्थी उठून विचारतो : मग खरा मनुष्य त्यांतला कोणता? आईशीं एक तऱ्हेनें व साहेबाशीं दुसऱ्याच तऱ्हेनें बोलणें हें ढोंग नव्हे काय?

सतराव्या शतकांत इंग्लंडमधील क्वेकर पंथानें हा प्रश्न फारच मनावर घेतला होता. त्या काळीं इंग्रजींतही ‘तूं’ आणि ‘तुम्ही’ यांना निरनिराळे शब्द होते. जॉर्ज फॉक्स व त्याचे अनुयायी न्यायाधीशालासुद्धां ‘तूं’ म्हणत, त्याच्यापुढें टोपीही काढीत नसत. देवापुढें सर्व सारखे असतां एकास अनेकवचन व दुसऱ्यास एकवचन लावणें म्हणजे असत्य भाषण, असा त्यांचा पक्ष होता. आणि या पक्षासाठीं त्यांनीं मारही खाल्ला व तुरुंगही सोसला. पुढें इंग्रजीनें दोहोंतला एक शब्द व्यवहारांतून काढून टाकला खरा. पण टाकला तो ‘तूं’! सर्वांनीं सर्वांस ‘तुम्ही’ म्हटल्यानें त्या देशांतील उच्चनीच भाव मावळला असें मात्र कोणी म्हणणार नाहीं.

फॉक्सच्या धैर्यास मी मान देतों, तरी त्याचा सिद्धांत मला पटत नाहीं. आईला ‘तूं’ व गुरूला ‘तुम्ही’ म्हणणारा मुलगा दोघांपैकीं कोणाशींही खोटें बोलत नसतो. माणसागणिक बोलणें बदलतें यांत पाप नाहीं. विचार करण्यासारखी गोष्ट निराळी आहे. आपण स्वतःस जें कोणी समजतों, त्यावरून आपण काय बोलावें एवढेंच ठरत नाहीं. समोरच्यास आपल्याशीं काय बोलतां येईल हेंही त्यावरूनच ठरतें. रॉजर ब्राऊन व आल्बर्ट गिलमन यांनीं १९६० सालीं युरोपांतील भाषांच्या या सर्वनामांवर एक निबंध लिहिला व त्यांचा वापर सत्ता आणि जवळीक या दोन मापांनीं मोजला. सत्तेच्या नात्यांत एक जण ‘तूं’ म्हणतो व ‘तुम्ही’ घेतो; जवळिकीच्या नात्यांत जें द्यावें तेंच परत मिळतें. आपल्याकडे बापास ‘अहो’ म्हणण्याची चाल आतां मागें पडत आहे, मुलें खुशाल ‘अरे बाबा’ म्हणतात, आणि वडीलधाऱ्यांस तें खटकतें. मला खटकत नाहीं. ज्या काळीं बापास ‘अहो’ म्हणत, त्या काळीं मुलगा नापास झाल्याची बातमी त्याला आईकडून कळत असे. आणि आईला मुलगा ‘तूं’ म्हणे.

सगळ्यांत नवल ‘आपण’ या शब्दाचें. मूळ ‘आत्मन्’, प्राकृतांतून मराठींत आलेला. स्वतःस ‘आपण’, आदरणीय माणसास ‘आपण’, आणि तूं व मी मिळूनही ‘आपण’. ‘आम्ही’ म्हटलें कीं ऐकणारा बाहेर राहतो. ‘आपण’ म्हटलें कीं तो आंत येतो. पण हाच शब्द आदरार्थीं वापरला म्हणजे ऐकणाऱ्यास आठ हात दूर बसवितो. तो मीं स्वतः कसा वापरला हें सांगणें मला भाग आहे.

बारा वर्षांपूर्वींची गोष्ट. गांवच्या शाळेंत ज्यांनीं मला बाराखडी शिकविली ते गुरुजी एके दिवशीं दुपारीं कॉलेजांत आले. लहानपणीं ते मला ‘अरे गाढवा’ याहून दुसऱ्या संबोधनानें क्वचितच हांक मारीत. माझ्या खोलींत त्या वेळीं दोन सहकारी बसले होते. दारांत उभे राहून, टोपी सारखी करीत, गुरुजी म्हणाले, “येऊं का सर?”

मी उठलों, त्यांच्या पायां पडलों, खुर्ची दिली, चहा मागविला, सहकाऱ्यांशीं त्यांची ओळख करून दिली. शिष्टाचारांत कांहीं उणें पडूं दिलें नाहीं. ते मला ‘तुम्ही’ म्हणत होते, आणि मीं त्यांना एकदांही अडविलें नाहीं. खरें सांगावयाचें तर त्या दोघांच्या देखत मला तें गोड वाटलें. गुरुजी खुर्चीच्या कडेवर बसून होते. त्यांनीं कॉलेजची इमारत वाखाणली, पाऊसपाणी झालें. निघतांना मीं विचारलें, “आपलें कांहीं काम होतें का?” ते म्हणाले, “छे, छे! सहज आलों होतों.”

पुढें दिवाळींत गांवीं गेलों तेव्हां कळलें कीं त्यांच्या नातवाच्या फीचे पैसे भरावयाचे राहिले होते व त्यासाठींच ते आले होते. मुलानें कॉलेज सोडलें होतें आणि तो एका गॅरेजमध्यें लागला होता. मागितले असते तर मीं पैसे त्याच क्षणीं दिले असते, याबद्दल मला शंका नाहीं. परंतु आपल्या गाढवाजवळ ते मागूं शकले असते. सरांजवळ त्यांना तें साधलें नाहीं. त्या दुपारचें संभाषण कोणी टिपून ठेविलें असतें, तर त्यांत माझ्या तोंडचा एकही शब्द वावगा निघाला नसता. म्हणूनच मीं स्वतःस दोष द्यावा तो नेमका कोठें द्यावा, हें मला बरेच दिवस उमगत नव्हतें. खोटें मी बोललों नव्हतों, उर्मटपणाही केला नव्हता. त्या खोलींत ‘सर’ म्हणून जें माझें चित्र टांगलें गेलें होतें तें मला आवडलें आणि मीं तें खालीं उतरविलें नाहीं, एवढेंच. आणि तेवढ्यानें एका म्हाताऱ्याच्या तोंडचा शब्द तोंडांतच राहिला.

त्याच दिवाळींत मी गुरुजींच्या घरीं गेलों. नातवाचा विषय मीं काढला, तेव्हां “आतां तो लागला कामाला” एवढेंच ते म्हणाले. बराच वेळ घुटमळून मी म्हणालों, “गुरुजी, मला पूर्वीसारखें ‘तूं’ म्हणा.” ते हंसले. “तसं कसं म्हणतां येईल तुम्हांला?” खरेंच होतें तें. ‘मला तूं म्हणा’ ही देखील आज्ञाच, आणि आज्ञा करणारा तोच कॉलेजांतला सर होता. मनुष्यानें दिलेलें ‘तुम्ही’ त्याला मागें घ्यावयास लावणें माझ्या हातीं राहिलें नव्हतें.

मी निघालों. त्यांच्या घराची चौकट बुटकी आहे, आणि मी आपल्याच विचारांत होतों.

“अरे, डोकं सांभाळ!” मागून गुरुजी ओरडले. तोंवर कपाळाला चौकट लागली होती. ते लगबगीनें उठून जवळ आले आणि म्हणाले, “फार लागलं नाहीं ना तुम्हांला?”