नाम पुसले जाते ते कशासाठी?

नामस्मरणास प्राण मानणाऱ्या साधकाला, परमेश्वराचे लिहिलेले नाम हेतुपुरस्सर पाण्यात धुवावे, ही कल्पनाच असह्य वाटेल. यहुदी धर्मशास्त्रातही लिखित ईश्वरनाम पुसणे निषिद्ध होय. असे नाम असलेली जीर्ण पत्रेसुद्धा ते भूमीत पुरतात. तथापि त्याच शास्त्राने एके प्रसंगी हे पुसणे विहित ठरविले आहे. ‘गणना’ या ग्रंथाच्या पाचव्या अध्यायात संशयित पत्नीसाठी एक विधी सांगितला आहे. ईश्वरनामयुक्त शापवचने लिहून ती पाण्यात धुवावयाची व ते पाणी तिने प्यावयाचे. स्त्रीला हा विधी केवढा अपमानकारक! इ. स. च्या पहिल्या शतकात योहानान बेन झक्काई यांनी तो बंद केला, ते योग्यच झाले. परंतु आचार्यांनी त्यातून काढलेला अर्थ चिंतनीय आहे : दांपत्यात ‘शालोम’, म्हणजे सलोखा, नांदावा म्हणून ईश्वर स्वतःचे नामही पुसू देतो.

दुसऱ्या शतकातील रब्बी मेइर यांच्याविषयी पुढील कथा सांगतात. शब्बाथच्या रात्री त्यांच्या प्रवचनात रमलेली एक स्त्री उशिरा घरी परतली. पती संतापला. आचार्यांच्या तोंडावर थुंकल्यावाचून घरात येऊ देणार नाही, अशी त्याने शपथ घेतली. हे कळताच मेइर यांनी डोळे दुखत असल्याचे सोंग केले, उपचार म्हणून त्या स्त्रीस डोळ्यांत सात वेळा थुंकावयास लावले व घरी पाठविले. शिष्य खवळले. ईश्वराचे नाम जेथे पुसले जाते तेथे माझ्या मानाची काय कथा, अशा आशयाचे उत्तर त्यांना मिळाले.

सोंग हे असत्य नव्हे काय? असत्यच. ही शंका मी पुसून टाकू शकत नाही. मात्र सलोख्याचे मोल कोणी दिले, हे पाहावे. पुष्कळ पुढारी शांततेच्या नावाने दुर्बलालाच गप्प बसावयास सांगतात; मेइर यांनी स्वतःचा मान वेचला. मानत्याग आपल्या आचारमार्गाला नवा नाही. तो दुसऱ्याच्या घरातील भांडणासाठी करावा, एवढे मात्र आपणही क्वचितच करतो.

इ. स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या ‘मिश्ना’तही देणारा तोच, ज्याच्याजवळ आहे. कापणीनंतर शेतात राहिलेली कणसे वेचण्यास परधर्मीय दरिद्र्यांना अडवू नये, कारण हे शांतीचे मार्ग आहेत, असे तेथे सांगितले आहे. पुढे ‘तालमूद’ने त्यांच्या रुग्णांची विचारपूस व मृतांचे दफनही याच कर्तव्यात घातले.