वाटेकडेच्या घराची माया

आषाढवारीत तुकाराम महाराजांची पालखी यवतला पोचते तेव्हा घराघरांतल्या चुलींवर भाकऱ्या थापून झालेल्या असतात आणि वारकऱ्यांच्या पंगती पिठले-भाकरीवर तृप्त होतात. बारामती सोडून पालखी काटेवाडीत आली की परीट मंडळी रस्त्यावर धोतरांच्या पायघड्या घालतात. मग पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण होते. धनगरांच्या मेंढ्या त्या गर्दीत न बुजता धावतात आणि बघणारे कडेच्या गच्च्यांवरून हात जोडतात. उरलेले वर्षभर याच वाटेने उसाचे ट्रॅक्टर, एसट्या आणि दुधाच्या गाड्या जातात. तरीही कडेला राहणारा माणूस ‘आमचा पालखीचा रस्ता’ असेच म्हणतो.

या ‘आमचा’चे काय करायचे? ज्या संतांसाठी या पायघड्या पसरल्या जातात, त्यांनीच तर माणसाला ‘माझे’पण सोडायला सांगितले.

गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे येतात. मुले, पत्नी, घर यांत न गुंतणे हे त्यांपैकी एक. ज्ञानेश्वरांनी त्याचा विस्तार करताना दाखला घेतला तो वाटेवरचाच. चालता चालता झाडाची सावली लागली, वाटसरू तिथे घटकाभर बसला आणि निघून गेला. त्या सावलीवर त्याचा जेवढा जीव असेल, तेवढीही ओढ ज्ञानी माणसाला स्वतःच्या घराची नसते. ही सगळी वाटसरूची बाजू झाली. पण ते झाड कोणी तरी लावलेले असते, उन्हाळ्यात त्याला कळशीभर पाणी घातलेले असते, शेळीने पाला ओरबाडू नये म्हणून काटेरी कुंपण केलेले असते. वाटसरू उठून जातो, तो माणूस मागे राहतो. त्याची माया कोणत्या खात्यात मांडायची?

महानुभाव पंथात हा प्रश्न जास्त धारदार होतो. स्वदेशाचा, स्वग्रामाचा संबंध तोडा, अशी चक्रधरांची शिकवण. साधकाने अनोळखी मुलखात फिरावे, झाडाखाली राहावे, ओळखीपाळखी वाढवू नयेत. इतकी कठोर विरक्ती दुसरीकडे क्वचितच सापडेल. आणि याच पंथाने ‘स्थानपोथी’ लिहून ठेवली. स्वामी कोणत्या गावी उतरले, कुठे बसले, कुठे निजले याची बारकाईने केलेली ही नोंद. त्या जागांवर ओटे बांधले गेले आणि भाविक आजही तिथे माथा टेकतात. वरवर पाहता हा विरोध आहे. पण स्थानपोथी लिहिणाऱ्यांना त्या जागा स्वतःसाठी राखायच्या नव्हत्या. तिथून कोणी तरी चालत गेले, याची आठवण त्यांना जपायची होती.

रस्त्यावरच्या मायेचा उलगडा इथे होतो. घर म्हटले की दार येते आणि दाराला कडी येते. रस्त्याला कडी नसते. ज्याचा रस्त्यावर जीव आहे, त्याला तो दुसऱ्यांसाठी मोकळाच ठेवावा लागतो, कारण कोणी चालेनासे झाले की रस्ता उरत नाही. यवतची भाकरी अनोळखी माणसाच्या हातावर पडते आणि तो माणूस पुढच्या वर्षी येईलच असे नाही. ज्या ममत्वापासून संतांनी सावध केले, ते धरून ठेवणारे असते. हे ममत्व वाटून टाकल्यावरच पुरे होते, म्हणून त्याला आसक्तीच्या यादीत टाकणे अन्यायाचे आहे.

धोका नाही असेही नाही. अंगणातला ओटा हळूहळू रस्त्यावर सरकतो, टपरीला पुढे पत्रा लागतो, मुक्काम कोणत्या गावाचा आणि मान कोणाचा यावरून कुरबुरी होतात. ‘आमचा रस्ता’ याचा अर्थ ‘तुमचा नव्हे’ असा झाला, की त्या मायेला संतांचा इशारा पुरेपूर लागू पडतो.

मिरजेकडून पंढरपूरला जाणाऱ्या वाटेवर भोसे गावात सुमारे चारशे वर्षांचा म्हणून ओळखला जाणारा वड होता. रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या कामात तो तोडला जाणार होता. 2020च्या जुलैमध्ये गावकरी आणि वृक्षप्रेमी त्याच्यासाठी उभे राहिले. तेव्हाचे पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे यांनी केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांच्याकडे विषय नेला आणि झाड वाचवण्यासाठी आखणीत बदल ठरला. त्या गावकऱ्यांना मोबदला हवा नव्हता, महामार्गही नको होता असे नाही. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या डोक्यावरची सावली त्यांना राखायची होती. पुढे 2022 साली तो वड पावसा-वाऱ्यात कोसळला. म्हणून त्यांचे उभे राहणे वाया गेले असे मानणे चूक ठरेल. ज्याच्यावर माया केली ते टिकेलच, अशी हमी मागून कोणी माया करत नाही, आणि या अर्थाने ते गावकरी ज्ञानेश्वरांच्या वाटसरूच्या जवळ पोचले होते.

आळंदी आणि देहूहून निघणाऱ्या दोन्ही पालखीमार्गांच्या चौपदरीकरणाची कोनशिला 8 नोव्हेंबर 2021 रोजी बसवली गेली. वारकऱ्यांसाठी स्वतंत्र पायवाट हा त्या योजनेचा भाग आहे. रुंद रस्त्याने अपघात टळणार असतील, चालणाऱ्यांची फरफट थांबणार असेल, तर त्याचे स्वागतच केले पाहिजे. मात्र रुंदीकरणात जुनी झाडे गेली आणि काही गावांना रस्ता वळसा घालून जाऊ लागला. नव्या रस्त्याकडेला रोपे लावताना ठेकेदाराच्या कागदावर आकडा भरून भागणार नाही. ज्यांच्या दारावरून पालखी जाते, त्यांना आधी विचारा. चालणाऱ्यांना चटका कुठे बसतो, विसाव्याला माणसे कुठे टेकतात, कोणत्या वळणावर पाणी मागतात, हे त्यांना पाठ आहे. एकेक झाड एकेका घराकडे सोपवा आणि त्यांना ते ‘आमचे’ म्हणू द्या.